विंडोजवरून लिनक्सकडे जाताना सॉफ्टवेअरचे पर्याय कसे शोधावेत

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी दिलेली वाढीव मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे, आणि विंडोज ११ अधिकृतपणे बसवायचे तर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला, अजूनही उत्तम चालणारा संगणक भंगारात काढायचा की त्यावर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बसवायची, असा प्रश्न अनेक घरांत आणि लहान कार्यालयांत उभा राहिला आहे. लिनक्स बसवणे हा त्यातला सोपा भाग असून ते काम तासाभरात उरकते. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी पडतो: रोजची कामे आता कशात करायची?

या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी एक तक्ता हातात ठेवला जातो, ज्यात वर्डऐवजी रायटर, फोटोशॉपऐवजी गिंप, टॅलीऐवजी नूकॅश अशा जोड्या लावलेल्या असतात. हा तक्ता खोटा नसला तरी तो उपयोगाचा फारसा नाही, कारण एक्सेलचा पर्याय चांगला की वाईट हे एक्सेलवर नव्हे, तर त्यात तुम्ही नेमके काय करता यावर ठरते. म्हणून या लेखात सुचवलेला क्रम उलटा आहे. आधी कामांची यादी करावी, मग विंडोजवर असतानाच एकेक सॉफ्टवेअर बदलावे, आणि ऑपरेटिंग सिस्टीम सर्वांत शेवटी बदलावी. उदाहरणासाठी लिनक्स मिंट ही आवृत्ती गृहीत धरली आहे, कारण तिची मांडणी विंडोजच्या सवयीला जवळची आहे आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत; परंतु पुढील बहुतेक सूचना उबुंटू किंवा फेडोरालाही तशाच लागू पडतात.

कामांची यादी

एका वहीत चार रकाने आखावेत. पहिल्यात काम लिहावे, दुसऱ्यात सध्याचे सॉफ्टवेअर, तिसऱ्यात ती फाइल पुढे कोणाकडे आणि कोणत्या स्वरूपात जाते ते, आणि चौथ्यात त्या कामासाठी संगणकाला जोडावे लागणारे यंत्र. विंडोजच्या सेटिंग्जमधील सॉफ्टवेअरची यादी समोर ठेवली तरी चालेल, पण तिच्यातील निम्मी नावे कधीच उघडलेली नसतात, हे लवकरच लक्षात येते.

एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांचे उदाहरण घेऊ. ते दर महिन्याला देखभाल शुल्काची बिले एक्सेलमध्ये काढतात, सूचना मराठीत वर्डमध्ये लिहून त्यांची पीडीएफ सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतात, पावत्या जुन्या लेझर प्रिंटरवर छापतात, आणि वर्षअखेरीस हिशेब टॅलीत करून लेखापरीक्षकाकडे देतात. यातील सूचनांची फाइल कोणाकडेही दुरुस्तीसाठी जात नाही, तिची फक्त पीडीएफ जाते. त्यामुळे ती कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिली याच्याशी कोणाला कर्तव्य नाही. टॅलीचा डेटा मात्र लेखापरीक्षकाला टॅलीच्याच स्वरूपात हवा असतो. तिसऱ्या रकान्याचे महत्त्व ते हेच: फाइल इतरांकडे दुरुस्तीसाठी जात असेल तर पर्याय निवडण्याचे स्वातंत्र्य तुमच्या एकट्याचे राहत नाही.

वर्षातून एकदाच येणारी कामे यादीत हटकून सुटतात. आयकर विवरणपत्र, सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल, मुलांच्या प्रवेश परीक्षांचे अर्ज, डिजिटल सही लागणारी एखादी निविदा, अशी कामे आठवून लिहावीत, कारण लिनक्सवर गेल्यानंतर खोळंबा होतो तो बहुधा याच कामांत, आणि तोही शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री.

यादीची विभागणी

यादी तयार झाली की प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करावी. पहिल्या गटात, जे सॉफ्टवेअर आहे तेच लिनक्सवर मिळते. फायरफॉक्स, क्रोम, व्हीएलसी, ऑडॅसिटी, ओबीएस स्टुडिओ, ब्लेंडर, टेलिग्राम, झूम, एनीडेस्क, व्हिज्युअल स्टुडिओ कोड ही सर्व याच गटातली आहेत. यांपैकी क्रोम किंवा झूम मुक्त-स्रोत नाहीत, म्हणजे त्यांचा मूळ कोड सर्वांना खुला नाही, तरी सुरुवातीच्या काळात त्याबाबत फार सोवळे पाळू नये असे माझे मत आहे. एका वेळी एकच बदल पचतो.

दुसऱ्या गटात सॉफ्टवेअर वेगळे असले तरी काम तेच होते. विनरारचे काम मिंटमधील आर्काइव्ह मॅनेजर करतो, नोटपॅड प्लस प्लसच्या जागी केट किंवा जीनी, इरफानव्ह्यूच्या जागी जीथंब, पिकासाच्या जागी डिजिकॅम, स्निपिंग टूलच्या जागी फ्लेमशॉट, पेंटच्या जागी ड्रॉइंग हे सॉफ्टवेअर वापरता येते. पीडीएफ वाचण्यासाठी मिंटमध्ये एक्सरीडर असतोच, त्यावर खुणा व टिपा करायच्या असतील तर ऑक्युलर बसवावे, आणि पाने मागेपुढे करणे, काढणे किंवा दोन फाइली जोडणे यासाठी पीडीएफ अरेंजर पुरेसे आहे. व्हॉट्सॲपचे अधिकृत लिनक्स सॉफ्टवेअर नाही. ते ब्राउझरमध्ये वापरावे लागते. गूगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्ह यांचेही तसेच आहे, मात्र ड्रॉपबॉक्सचे स्वतःचे लिनक्स सॉफ्टवेअर आहे. जागा साफ करणारी आणि वेग वाढवण्याचे आश्वासन देणारी सॉफ्टवेअरे यादीत असतील तर त्यांचा पर्याय शोधू नये. त्यांची गरजच नाही.

तिसऱ्या गटात ती सॉफ्टवेअरे येतात ज्यांची लिनक्स आवृत्ती नाही आणि ज्यांचे काम दुसऱ्या कशाने सहज भागत नाही. टॅली, ऑटोकॅड, कोरलड्रॉ, अडोबीची सॉफ्टवेअरे आणि जुनी मराठी टंकन-सॉफ्टवेअरे यात मोडतात. हा गट बहुतेकांच्या यादीत दोन-तीन ओळींचाच असतो, परंतु सगळा निर्णय त्याच ओळींवर अवलंबून असतो.

सराव विंडोजवरच

लिबरऑफिस, गिंप, इंकस्केप, क्रिटा, स्क्रायबस, केडेनलाइव्ह, थंडरबर्ड ही लिनक्सवर वापरली जाणारी सॉफ्टवेअरे विंडोजवरही मोफत मिळतात. त्यामुळे ती आजच बसवून किमान एक पूर्ण महिना, म्हणजे बिलांचे किंवा हिशेबाचे एक चक्र पूर्ण होईपर्यंत, त्यांतच काम करावे. अडले तर जुने सॉफ्टवेअर शेजारीच आहे, आणि अडचण कशामुळे आली याबद्दल संदिग्धता राहत नाही. नवी प्रणाली, नवे सॉफ्टवेअर आणि नवा कळफलक हे सर्व एकाच दिवशी समोर आले, तर माणूस शिव्या लिनक्सला देतो आणि दोष मात्र एखाद्या फॉन्टचा असतो.

सरकारी पातळीवरही हाच क्रम दिसतो. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांचे स्थलांतर जाहीर केले, तेव्हा मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी लिबरऑफिस हे पहिले पाऊल ठेवले आणि विंडोजच्या जागी लिनक्स आणणे हा पुढचा टप्पा ठेवला.

या काळात विंडोजवरच उरकून घ्यायचे एक काम विशेष महत्त्वाचे आहे. आउटलुकमधील जुनी टपाले पीएसटी फाइलमध्ये अडकलेली असतील, तर ती लिनक्सवर नेऊन उघडण्यापेक्षा विंडोजवर असतानाच आयमॅप पद्धतीने (ज्यात टपाल सर्व्हरवरच राहते) सर्व्हरवर चढवावीत किंवा थंडरबर्डमध्ये आणावीत. आउटलुक हाताशी असताना हे जितके सोपे असते, तितके नंतर राहत नाही.

वर्ड आणि एक्सेल

लिबरऑफिस हे ओपनऑफिसपासून २०१० मध्ये वेगळे झालेले सॉफ्टवेअर असून मिंटमध्ये ते आधीपासूनच असते. त्याची परीक्षा कोऱ्या पानावर घेऊ नये. तुमच्याकडील सर्वांत किचकट फाइल घ्यावी: ज्यात तक्ते आहेत, लेटरहेड आहे, मराठी-इंग्रजी मिसळलेले आहे, अशी. ती रायटरमध्ये उघडून शेजारी मूळ वर्डमधून काढलेली पीडीएफ ठेवावी आणि पान पान ताडून पाहावे.

मजकूर एका पानावरून दुसऱ्या पानावर सरकलेला दिसला तर बहुतेक वेळा कारण फॉन्टचे असते. कॅलिब्री आणि कँब्रिया हे मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट लिनक्ससोबत येत नाहीत. त्यांच्या जागी अनुक्रमे कारलिटो आणि कॅलडिया हे फॉन्ट बसवावेत. त्यांच्या अक्षरांची रुंदी मूळ फॉन्टइतकीच ठेवलेली असल्यामुळे ओळी तिथेच तुटतात आणि पाने हलत नाहीत. एरियल व टाइम्स न्यू रोमन यांच्यासाठी हेच काम लिबरेशन सॅन्स व लिबरेशन सेरिफ करतात. एवढ्याने निम्म्याहून अधिक तक्रारी मिटतात, असा माझा अनुभव आहे.

मराठीसाठी आणखी एक गोष्ट करावी लागते. रायटर देवनागरीला रोमन लिपीपासून वेगळे धरतो आणि दोहोंसाठी फॉन्ट व आकार स्वतंत्रपणे ठेवतो. त्यामुळे शैलीतील फॉन्ट बदलला तरी मराठी मजकूर जसाच्या तसा राहिला, असा प्रकार नवख्यांना हमखास भेटतो. टूल्समधील ऑप्शन्समध्ये भाषांच्या विभागात जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट हा पर्याय चालू आहे का ते पाहावे आणि तिथे मराठी भाषा निवडावी. त्यानंतर फॉन्टच्या खिडकीत देवनागरीसाठी वेगळा रकाना दिसू लागतो, आणि मूळ शैलीतच तिथे नोटो सॅन्स देवनागरी, मुक्त किंवा शोभिका असा फॉन्ट एकदा ठरवून टाकला की प्रत्येक नव्या फाइलमध्ये तो आपोआप येतो.

एक्सेलच्या बाबतीत साधी सूत्रे, गाळण्या, आलेख आणि पिव्हट टेबल कॅल्कमध्ये व्यवस्थित चालतात. एक्सलुकअप हे सूत्र ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या २४.८ आवृत्तीपासून उपलब्ध आहे, म्हणून त्याहून जुनी आवृत्ती वापरू नये. गाडी अडते ती मॅक्रोंपाशी, म्हणजे फाइलमध्येच घातलेल्या छोट्या प्रोग्रॅमांपाशी. व्हीबीए या मायक्रोसॉफ्टच्या भाषेत लिहिलेले छोटे मॅक्रो कॅल्क चालवू शकतो, पण बटणे आणि अर्जाच्या खिडक्या असलेली मोठी मॅक्रो-फाइल चालेलच असे नाही, आणि बाहेरून डेटा आणून तो साफ करणाऱ्या एक्सेलच्या पॉवर क्वेरीला कॅल्कमध्ये जागा नाही. आपल्या सचिवांच्या बिलाच्या फाइलमध्ये फक्त सूत्रे असतील तर ती जशीच्या तशी चालेल; एखाद्या उत्साही सभासदाने पूर्वी त्यात मॅक्रो घालून दिलेले असेल, तर ती फाइल तिसऱ्या गटात टाकावी किंवा मॅक्रोशिवाय नव्याने बांधावी. मी दुसरा मार्ग सुचवीन, कारण मॅक्रो लिहिणारा सभासद घर विकून गेल्यावर ती फाइल विंडोजवरही कोणाला दुरुस्त करता येत नाही.

फाइल जतन करण्याचा नियम सोपा ठेवावा. स्वतःच्या कामाची प्रत ओडीटी किंवा ओडीएस या लिबरऑफिसच्या मूळ स्वरूपात ठेवावी, छपाईसाठी आणि वाचण्यासाठी पीडीएफ द्यावी, आणि समोरच्याला दुरुस्ती करायची असेल तेव्हाच डॉकएक्स या वर्डच्या स्वरूपात वेगळी प्रत काढावी. दिवसभर डॉकएक्स फाइलींचीच देवघेव होणाऱ्या कार्यालयात ओन्लीऑफिस हे सॉफ्टवेअरही तपासून पाहावे. त्याची मांडणी वर्डच्या जवळची आहे. मात्र त्यात मराठी जोडाक्षरे पडद्यावर आणि पीडीएफमध्ये नीट उमटतात की नाही हे आपल्या मजकुरावर पडताळूनच निर्णय घ्यावा.

मराठी टंकन आणि जुने फॉन्ट

युनिकोडमध्ये, म्हणजे सर्वत्र सारख्याच चालणाऱ्या प्रमाणित संकेतांत, लिहिणाऱ्यांना फारसा त्रास नाही. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाणित कळफलकाची सवय असेल तर कळफलकाच्या सेटिंग्जमध्ये मराठी मांडणी जोडली की काम झाले. कळा विंडोजवर होत्या तिथेच असतात. ‘कऱ्हाड’ हा शब्द लिहून पाहावा. शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू या कळा दाबल्यावर ‘ऱ्ह’ नीट उमटले, तर मांडणी आणि फॉन्ट दोन्ही ठीक आहेत असे समजावे. उच्चारानुसार रोमन कळांनी लिहिणाऱ्यांनी आयबस ही टंकन-प्रणाली आणि तिच्यासाठीचा एमसेव्हनटीनएन हा संच बसवावा, ज्यात मराठीसाठी आयट्रान्स, फोनेटिक आणि गमभन अशा मांडण्या मिळतात. गूगलच्या जुन्या टंकन-साधनाप्रमाणे शब्द सुचवले जाण्याची अपेक्षा मात्र येथे ठेवू नये. प्रत्येक अक्षर स्वतः लिहावे लागते, आणि आठवड्याभरात हात बसतो. रेमिंग्टनवर टंकलेखन शिकलेल्यांसाठीही मांडणी आहे, पण तीत ळ, क्ष आणि ऱ्य यांच्या कळा बोटांच्या सवयीशी जुळतात का ते आधी पाहावे.

श्रीलिपी, आयएसएमचे डीव्हीबी फॉन्ट, कृतिदेव किंवा शिवाजी यांत केलेली जुनी कामे ही वेगळी गोष्ट आहे. अशा फाइलींत देवनागरी अक्षरे साठवलेलीच नसतात. रोमन अक्षरांचे संकेतांक साठवलेले असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो. फॉन्टची टीटीएफ फाइल लिनक्सवर बसवली तर जुनी फाइल वाचता येते आणि छापताही येते, मात्र फॉन्टचा परवाना तशी मुभा देतो का ते पाहून घ्यावे. नवे टंकन करता येत नाही, कारण ते काम विंडोजवरच चालणारे कळफलकाचे सॉफ्टवेअर करत असे. त्या सॉफ्टवेअरसोबत युनिकोडमध्ये रूपांतर करण्याची सोय असेल, तर ती विंडोज हाताशी असेपर्यंत वापरून सर्व महत्त्वाच्या फाइली एकदाच रूपांतरित कराव्यात आणि मूळ फाइलींच्या पीडीएफही काढून ठेवाव्यात.

रूपांतरानंतर मुद्रितशोधन टाळू नये. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवलेला असतो, तर युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे, म्हणजे नेमका उलटा असतो. चुका होतात त्या याच अदलाबदलीत, आणि त्यातही एकाच अक्षरावर रफार आणि वेलांटी दोन्ही आल्यास. ‘आर्थिक’, ‘वार्षिक’, ‘मार्मिक’ असे शब्द शोधून पाहिले की रूपांतर कितपत विश्वासार्ह झाले आहे याचा अंदाज चटकन येतो.

चित्रे, मांडणी आणि छपाईचे काम

फोटो कापणे, उजळवणे, पार्श्वभूमी काढणे यासाठी गिंप पुरेसे आहे, आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत परिणाम मूळ चित्राला धक्का न लावता देण्याची सोय आल्यामुळे त्याच्यावरची एक जुनी तक्रार दूर झाली आहे. लग्नपत्रिका, फलक, बोधचिन्हे यांसाठी इंकस्केप, चित्रकलेसाठी क्रिटा, आणि व्हिडिओ संपादनासाठी केडेनलाइव्ह किंवा शॉटकट घ्यावे. पुस्तके व स्मरणिका यांची पानमांडणी करणाऱ्यांनी स्क्रायबसची १.६ किंवा त्यापुढचीच आवृत्ती वापरावी, जुन्या १.४ मालिकेत देवनागरी जोडाक्षरे मोडत असत. पेजमेकरच्या आणि कोरलड्रॉच्या जुन्या फाइली लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडून पाहता येतात, पण त्या तंतोतंत उघडतील अशी आशा धरू नये. त्यातून मजकूर आणि चित्रे सोडवून घेणे एवढाच त्याचा उपयोग.

ज्यांचा चरितार्थ छपाईवर चालतो आणि ज्यांचा छापखाना कोरलची फाइलच मागतो, त्यांनी एका संगणकावर विंडोज ठेवावे, हे स्पष्टपणे सांगितलेले बरे.

टॅली, कर आणि डिजिटल सही

टॅलीची लिनक्स आवृत्ती नाही. घरखर्च किंवा एखाद्या लहान मंडळाचा जमाखर्च असेल तर नूकॅशमध्ये दुहेरी नोंद पद्धतीने उत्तम हिशेब ठेवता येतो. व्यवसाय वाढता असेल आणि माल, बिले, जीएसटी हे सर्व एकत्र हवे असेल, तर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने तयार केलेले ईआरपीनेक्स्ट हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर ब्राउझरमध्येच चालते. मात्र ते उभे करून देणारा माहितगार माणूस लागतो. परंतु लेखापरीक्षक किंवा सनदी लेखापाल टॅलीचाच डेटा मागत असतील, तर त्यांच्याशी बोलल्याशिवाय हे पाऊल उचलू नये. आपल्या सचिवांसाठी व्यवहार्य मार्ग असा, की रोजच्या नोंदी कॅल्कमध्ये ठेवाव्यात आणि टॅलीतील नोंद लेखापरीक्षकाच्या कार्यालयातच होईल अशी व्यवस्था ठरवून घ्यावी.

आयकर विवरणपत्र वैयक्तिक असेल तर ते संकेतस्थळावर ब्राउझरमध्ये भरून आधारच्या ओटीपीने पडताळता येते, त्यासाठी विंडोजची गरज नाही. विभागाच्या मॅक्रो असलेल्या एक्सेल फाइली मात्र कॅल्कमध्ये चालवण्याच्या भानगडीत पडू नये. यूएसबी टोकनमधील डिजिटल सहीसाठी दोन गोष्टी लागतात: त्या टोकनचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर (यंत्र संगणकाशी जोडून देणारे सॉफ्टवेअर), आणि ज्या पोर्टलवर सही करायची आहे त्याचे सही करणारे सॉफ्टवेअर. दोहोंपैकी एक नसेल तर दुसऱ्याचा उपयोग नाही, म्हणून टोकन देणाऱ्याला आणि पोर्टलच्या मदतकक्षाला आधीच विचारावे. बोटांच्या ठशांचे यंत्र वापरणाऱ्या सेवा केंद्रांनीही अशीच खातरजमा करावी.

प्रिंटर

यादीतील चौथा रकाना आता कामाला येतो. वायफायवरून मोबाइलवरून थेट छपाई करू देणारे नवे प्रिंटर लिनक्सला सहसा आपोआप सापडतात. एचपीच्या प्रिंटरांसाठी एचपीएलआयपी हा संच आहे, पण लेझरजेट १०२० सारख्या काही जुन्या मॉडेलांना त्याशिवाय एक वेगळा प्लगइन उतरवून घ्यावा लागतो. आपल्याकडे दुकानोदुकानी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा प्रिंटर स्वतंत्र ड्रायव्हर मागतो आणि तो बसवणे नवख्याच्या आवाक्यातले काम नाही. तुमच्याकडे तो असेल तर लिनक्स जाणणारा मित्र आधी गाठावा.

हे सर्व तपासण्यासाठी लिनक्स बसवावे लागत नाही. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रुफस या सॉफ्टवेअरने मिंट उतरवून संगणक त्यावरून चालू करावा. हार्ड डिस्कला हात न लागता संपूर्ण प्रणाली समोर येते. त्या स्थितीत वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर आणि मराठी टंकन एवढे पाहून घ्यावे.

जे जुळत नाही त्याचे काय करावे

तिसऱ्या गटातील ओळींसाठी चार मार्ग आहेत, आणि ते याच क्रमाने तपासावेत. त्या सॉफ्टवेअरची ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती आहे का, हे आधी पाहावे. वर्ड-एक्सेलची तशी आवृत्ती आहे आणि अधूनमधून येणाऱ्या फाइलींना ती पुरते. त्यानंतर वाइन, जे विंडोजची सॉफ्टवेअरे लिनक्सवर चालवण्याचा थर पुरवते. बॉटल्स या सॉफ्टवेअरमुळे ते हाताळणे सोपे होते. जुनी, लहान सॉफ्टवेअरे वाइनवर अनेकदा छान चालतात, मात्र ताज्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसची किंवा अडोबीच्या सध्याच्या सॉफ्टवेअरांची आशा धरू नये. तिसरा मार्ग व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या आतच एका खिडकीत दुसरी प्रणाली चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, विंडोज बसवण्याचा. त्यासाठी किमान आठ, शक्यतो सोळा जीबी रॅम आणि विंडोजचा स्वतंत्र परवाना लागतो. शेवटचा मार्ग दोन्ही प्रणाली एकाच संगणकावर ठेवण्याचा. यात विंडोजमधील फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) बंद करणे विसरू नये, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्सवरून त्या डिस्कवर लिहिता येत नाही. गेमसाठी स्टीममधील प्रोटॉन हा वाइनवरच आधारलेला थर पुष्कळ गेम चालवतो. व्हॅलोरंटसारखे फसवेगिरी-प्रतिबंधक यंत्रणा असलेले काही गेम मात्र चालत नाहीत.

सॉफ्टवेअर मिळवायचे कोठून

विंडोजवर संकेतस्थळ शोधून त्यावरून फाइल उतरवण्याची सवय असते. ती येथे सोडावी. मिंटमधील सॉफ्टवेअर मॅनेजर उघडून त्यातच शोध घ्यावा. एकाच सॉफ्टवेअरच्या दोन नोंदी दिसल्या तर एक मिंटच्या स्वतःच्या भांडारातील, स्थिर पण थोडी जुनी असते, आणि दुसरी फ्लॅटपॅक, म्हणजे फ्लॅटहब या भांडारातील ताजी पण अधिक जागा घेणारी. लिबरऑफिस किंवा गिंपची नवी आवृत्ती हवी असेल तेव्हा फ्लॅटपॅक घ्यावे, एरवी पहिलीच नोंद बरी. मिंट २२ पासून पडताळणी न झालेली फ्लॅटपॅके मुळात दाखवलीच जात नाहीत. ही सेटिंग तशीच राहू द्यावी. टर्मिनलमध्ये, म्हणजे लिखित आज्ञा देण्याच्या खिडकीत, टाकण्यासाठी कोणी लांबलचक आज्ञा दिली तर ती काय करते हे समजल्याशिवाय चिकटवू नये.

पर्याय निवडताना शेवटची आवृत्ती कधी आली तेही पाहावे. तीन-चार वर्षांत नवी आवृत्ती न आलेले सॉफ्टवेअर कितीही देखणे असले तरी त्यावर महत्त्वाचे काम टाकू नये.

प्रत्यक्ष बदल

यादीतील पहिल्या दोन गटांच्या सर्व ओळी विंडोजवरच नव्या सॉफ्टवेअरमध्ये होऊ लागल्या, तिसऱ्या गटातील प्रत्येक ओळीपुढे चारपैकी एक मार्ग लिहिला गेला, आणि पेन ड्राइव्हवरून यंत्रे तपासून झाली, की मगच लिनक्स बसवावे. त्याआधी सर्व फाइलींची प्रत बाह्य हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची पुनर्प्राप्तीची किल्ली कागदावर लिहून ठेवावी.

जागा असेल तर सुरुवातीचे काही महिने विंडोज शेजारी राहू द्यावे आणि प्रत्येक वेळी तिकडे का जावे लागले याची त्याच वहीत नोंद करावी. नोंदी एकाच सॉफ्टवेअरच्या असतील तर त्याच्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स पुरेल का ते पाहावे. नोंदीच नसतील तर विंडोजची जागा मोकळी करता येईल. ती पुसण्यापूर्वी टॅलीचा परवाना त्या संगणकावरून सरेंडर करावा, अडोबी किंवा इतर सशुल्क खात्यांतून बाहेर पडावे, ब्राउझरमधील पासवर्ड आणि बुकमार्क लिनक्सवर आले आहेत याची खात्री करावी, आणि डेस्कटॉपवर तसेच डाउनलोड्समध्ये राहून गेलेल्या फाइली एकदा चाळून घ्याव्यात.